14 एमएम मॅन्युअल लेन्स: चांदण्यात भारी, क्षितिजाशी मात्र वाकडं

वर्षभर वापरून लिहितोय, त्यामुळे डबा उघडल्या उघडल्याचं कौतुक इथे मिळणार नाही. फुल फ्रेमवर (म्हणजे जुन्या 35 एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवर) 14 एमएम, एफ 2.8 (हा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त), ऑटोफोकस नाही. आणि मी ती बहुतेक वेळा एकाच कामाला बाहेर काढली, चांदण्यातला समुद्रकिनारा आणि वर तारे.

पौर्णिमेला तारे येत नाहीत म्हणतात. आकाशगंगा नाही येत हे खरं, पण ठळक तारे व्यवस्थित येतात आणि खालचे खडकही दिसतात, जे अमावस्येला नुसते काळे ठोकळे असतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 400, एफ 2.8, 15 सेकंद, एवढ्यात आकाश चक्क दिवसासारखं निळं येतं, शेवटी तो उन्हाचाच परतून आलेला उजेड ना. अष्टमीला मात्र फसाल, चंद्र अर्धा म्हणजे उजेड अर्धा असं नसतं, पौर्णिमेच्या साधारण दहावा हिस्साच मिळतो.

आता लेन्स. 2.8 ला कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, अगदी छोटी पाखरं. अंधाऱ्या रात्री ते सहन करावं लागतं कारण उजेडच नसतो, पण पौर्णिमेला बिनधास्त एफ 4 वर जा, आयएसओ 800 करा, पंख जवळपास गायब! म्हणून मी म्हणतो ही लेन्स चांदण्याचीच आहे.

इन्फिनिटीची, म्हणजे अगदी दूरवरच्या फोकसची, रिंगवरची खूण मात्र साफ खोटी. पहिल्या रात्री त्या खुणेवर विश्वास ठेवून साठेक फोटो काढले, घरी येऊन बघतो तर तारे म्हणजे कापसाचे बोळे. आता लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं थेट चित्र, झूम करून एका ठळक ताऱ्यावर फोकस लावतो आणि रिंगवर चिकटपट्टी मारतो, मग रात्रभर हात लावायचा नाही.

खरं दुखणं क्षितिजाचं. डोंगरात कधी कळलंच नाही, पण समुद्राची रेघ जरा खाली घेतली की मिशीसारखी लाट येते, मध्ये बाक आणि टोकाला उलटा पीळ. रेघ बरोबर मधोमध नेली तर सरळ, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये लेन्सचा बाक सरळ करणारं प्रोफाइल लावायचं, दुसरा उपाय नाही.

पुढची काच फुगीर, त्यामुळे फिल्टर बसत नाही आणि खारे तुषार थेट काचेवर. कोरड्या फडक्याने पुसायचं नाही हां, मीठ घासलं जातं, आधी हवा मारायचा ब्लोअर मग ओलसर कापड. एकदा तसाच डाग राहिला आणि चंद्र फ्रेमच्या कडेला आल्यावर अर्धा फोटो धुरकट झाला.

रेटिंगमधला एक स्टार क्षितिजासाठी कापलाय. दुसराही कापणार होतो, सगळे तारे रेघा होऊन आले होते म्हणून, पण नीट बघितल्यावर कळलं की पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीत ट्रायपॉडचा एक पाय वाळूत खचत होता, तो परत दिला.