टू बीएचकेचं इंटिरिअर: कंपनी, डिझायनर की थेट सुतार?

पुण्या-मुंबईत नवा फ्लॅट ताब्यात आला की लोक तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतात: डिझाइन-फर्निचर सगळं एकहाती करणारी कंपनी, स्वतंत्र डिझायनर आणि कुणीतरी सुचवलेला सुतार. मग शेवटचा आकडा बघून ठरवतात. मी डिझायनर आहे, त्यामुळे माझा कल उघड आहे. तरी सांगते, आकड्याआधी हे बघा: तुमचं म्हणणं ऐकणार कोण, आणि ऐकलेलं कागदावर उतरवणार कोण?

कंपनीत पहिल्या भेटीत स्क्रीनवर थ्रीडी दिसतं आणि मन हरखतं. पण भेटणारी माणसं बदलत जातात: आधी सेल्सवाला, मग डिझायनर, मग साइट सुपरवायझर. आईंचे गुडघे दुखतात हे तुम्ही पहिल्याला सांगितलेलं असतं, तिसऱ्यापर्यंत ते पोहोचतंच असं नाही. ड्रॉइंगवर सही झाली की माल कारखान्यात कापला जातो, नंतरचा बदल महागात पडतो. मात्र याच कारणाने सगळं लेखी असतं, वॉरंटीही कागदावर मिळते. तुम्ही दुबईत किंवा अमेरिकेत असाल आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल, तर मी कंपनीच सुचवेन.

सुताराचं उलट. तो साइटवरच काम करतो. ‘इथे एक कप्पा वाढवा’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत कप्पा तयार. प्लाय तुम्ही स्वतः आणत असाल तर प्रत्येक आठ बाय चारच्या शीटवरचा आयएसआय शिक्का तपासता येतो. सिंकखाली आयएस ७१० मानकाचा, म्हणजे पाणी सोसणारा मरीन प्लाय लावा; आयएस ३०३ चा एमआर, म्हणजे फक्त थोडाफार दमटपणा सोसणारा प्लाय ओलाव्याच्या जागी टिकत नाही. अडचण अशी की ड्रॉइंग नसतं. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, फरशीवाला यांच्यात निरोप पोहोचवायचं काम तुमच्यावर येतं. विजेचे पॉइंट फर्निचरच्या आधी ठरतात, म्हणून बेडची जागा आधी पक्की नसेल तर सॉकेट नेमका त्याच्या मागे जातो.

स्वतंत्र डिझायनरची फी वेगळी द्यावी लागते, आणि ती अनेकांना खुपते. ती कशाची, हे पहिल्या बैठकीत कळायला हवं. चांगला डिझायनर रंगांची पुस्तकं उघडण्याआधी प्रश्न विचारतो. स्वयंपाक कोण करतं, उंची किती? ओटा सरसकट ३४ इंचांचा केला तर ठेंगण्या बाईचे खांदे रोज दुखतात. गणपतीत किती माणसं मुक्कामाला येतात? देव्हारा कुठल्या दिशेला हवा, आणि यावर घरात एकमत आहे का? नवरा-बायकोचं म्हणणं वेगळं असेल तर ते पहिल्याच दिवशी टेबलावर यावं, प्लाय कापल्यावर नाही. मग लेआउट, विजेचं ड्रॉइंग, प्रत्येक फर्निचरचं मापासह ड्रॉइंग, आणि त्यानंतरच कोटेशन. ड्रॉइंगआधी ठाम आकडा देणाऱ्या डिझायनरपासून जरा लांब राहा.

या वाटेचा धोका म्हणजे सगळी भिस्त एका माणसावर. त्याने एकाच वेळी बरीच कामं घेतली असतील तर फोन लागत नाही. म्हणून साइटला किती भेटी देणार, हे लिहून घ्या. तोच माणूस फर्निचरचं कंत्राटही घेणार असेल तर त्यात त्याचा नफा किती धरला आहे, हे न संकोचता विचारा. प्रामाणिक माणूस या प्रश्नाने दुखावत नाही.

कोटेशन समोरासमोर ठेवताना मोजमाप एकच आहे ना, ते बघा. एकाने किचन दर्शनी चौरस फुटावर (समोरून दिसणारी उंची गुणिले रुंदी) लावलेलं असतं, दुसऱ्याने तेच रनिंग फुटावर (नुसती लांबी मोजून), आणि त्या दरांची तुलना होत नाही. १८ टक्के जीएसटी आत की बाहेर? लॅमिनेट किती जाडीचं, कपाटाच्या आतल्या बाजूला काय? बिजागऱ्या आणि ड्रॉवर सरकवणाऱ्या चॅनेलच्या ब्रँडपुढे ‘किंवा समकक्ष’ लिहिलं असेल तर ते शब्द खोडायला लावा.

एकच वॉर्डरोब आणि टीव्ही युनिट करायचं असेल तर सुतार पुरे. आईवडील, मुलं घेऊन पंधरा-वीस वर्षं राहायचं घर असेल तर डिझायनरची फी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोसायटीची अनामत, कामाच्या ठरलेल्या वेळा आणि राडारोडा उचलायचा खर्च कुणाकडे, हेही तिघांना विचारा. सुतार धरलात तर हे तिन्ही बहुधा तुमच्याकडेच येईल.