‘४९१’वर अठरा महिने: ऑस्ट्रेलियाच्या प्रादेशिक व्हिसाचा अनुभव

जुलै २०२४ मध्ये आम्हा तिघांना, म्हणजे मला, पत्नीला आणि सहा वर्षांच्या मुलाला, ऑस्ट्रेलियाचा ४९१ क्रमांकाचा, कुशल कामगारांसाठीचा तात्पुरता प्रादेशिक व्हिसा मिळाला आणि ऑगस्टमध्ये आम्ही अ‍ॅडलेडला उतरलो. त्याला आता अठरा महिने झाले. येण्यापूर्वी मी या व्हिसाविषयी मिळेल ते वाचले होते, परंतु ते जवळजवळ सगळे अर्ज कसा करावा याविषयी होते. तो हाती आल्यावर रोजचे जगणे कसे असते, हे फारसे कोणी लिहिलेले नव्हते. म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

हा व्हिसा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता उरलेला सगळा देश त्यात ‘प्रादेशिक’ धरला जातो. वीस लाखांहून अधिक वस्तीचे पर्थही त्यात येते आणि अ‍ॅडलेडही येते. आपल्याकडच्या एजंटांच्या तोंडी ‘रिजनल’ म्हणजे खेडेगाव असे समीकरण असते. ते मुळातच चुकीचे आहे. व्हिसाची मुदत पाच वर्षांची असते. किमान तीन वर्षे तो हाती असला, राहणे, काम आणि शिक्षण प्रादेशिक भागातच झाले, आणि तीन आर्थिक वर्षांच्या करनिर्धारणाच्या नोटिसा दाखवता आल्या, की १९१ क्रमांकाच्या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. ही योजना आखताना किमान उत्पन्नाची अट बोलली जात होती. प्रत्यक्षात ४९१ वाल्यांसाठी तसा आकडा ठेवलेला नाही. पाच हजार डॉलर कमावणारा आणि लाख कमावणारा, दोघेही या कसोटीला सारखेच उतरतात, आणि ही माझ्या मते या व्हिसाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

अर्जाच्या टप्प्यांत मला सर्वाधिक त्रास कौशल्य-मूल्यांकनाचा झाला. मी यांत्रिकी अभियंता. पदवी २०११ ची. अभियांत्रिकी पदव्यांना परस्परमान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत पूर्ण सदस्य झाला २०१४ साली, त्यामुळे त्याआधीच्या आम्हा मंडळींना पदवीच्या बळावर सोपी वाट नसते. ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ या संस्थेसाठी स्वतःच्या कामाचे तीन सविस्तर प्रसंग लिहून द्यावे लागतात: कोणती अडचण होती, कोणते गणित मांडले, निर्णय कोणी घेतला. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी अकरा गाळप हंगाम काढलेले, तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण ‘आम्ही केले’ असे लिहिण्याची सवय मोडून ‘मी केले’ असे लिहायला दीड महिना गेला. पुण्यातल्या एका एजंटाने हे तीन प्रसंग तयार लिहून देण्याची तयारी दाखवली होती, अर्थातच वेगळ्या शुल्कावर. उसने लेखन उघडकीस आले तर अर्ज फेटाळला जातो आणि पुढे काही काळ दारच बंद होते, हे त्याने सांगितले नाही. त्याच्याकडे भरलेली पहिली रक्कम बुडाली असे समजून मी पुढचे सगळे स्वतः केले. एजंट हवाच असेल, तर तो ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर एजंट नोंदणी प्राधिकरणाकडे नोंदलेला आहे का, हे नोंदणी क्रमांकावरून दोन मिनिटांत तपासता येते.

या व्हिसासाठी निवड गुणांवर होते. ते गणित माझ्यापुरते असे होते: वयाचे २५, पदवीचे १५, आठ वर्षांहून अधिक परदेशी अनुभवाचे १५, इंग्रजीचे १० आणि पत्नीच्या इंग्रजीचे ५, असे ७०. पात्रतेची रेषा ६५ ची असली तरी तेवढ्यावर निमंत्रण येईल अशी आशा धरणे भाबडेपणाचे. राज्याने नामनिर्देशन केले की ४९१ साठी १५ गुण वाढतात, तर कायम निवासाच्या १९० साठी केवळ ५. म्हणजे प्रदेशात राहण्याची तयारी दाखवल्याची किंमत सरकारने दहा गुण ठरवली आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने माझी निवड केली, निमंत्रण आले आणि नेमून दिलेल्या ६० दिवसांत अर्ज भरला. मुख्य अर्जदाराचे शुल्क त्या वर्षी ४,६४० डॉलर होते. पत्नीचे त्याच्या निम्मे आणि मुलाचे पाव. वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, इंग्रजीची परीक्षा हे त्याहून वेगळे. त्यात सांगण्यासारखे काही नाही; पैसे जातात आणि काम होते.

खरा अनुभव सुरू झाला तो नोकरी शोधताना. हा व्हिसा कोणत्याही मालकाला बांधलेला नाही, पत्नीलाही कामाची पूर्ण मोकळीक आहे, आणि कागदोपत्री मी पहिल्या दिवसापासून कुठेही कामाला लागू शकत होतो. तरीही अ‍ॅडलेडमधल्या पुष्कळ जाहिरातींच्या खाली ‘नागरिक किंवा कायम रहिवासी’ अशी ओळ असे, आणि व्हिसाच्या नावातच ‘तात्पुरता’ हा शब्द असल्यामुळे भरती करणारी तरुण मुले पाच वर्षांची मुदत ऐकूनही साशंक होत. चार महिन्यांत साठ-सत्तर अर्ज केले. पत्नीने या काळात वृद्धसेवेचा ‘सर्टिफिकेट थ्री’ अभ्यासक्रम सुरू केला आणि माझ्या आधी तिच्या हाती पगार आला, हे इथे मुद्दाम नोंदवतो; कारण मुख्य अर्जदार नवरा असला की घर त्याच्या नोकरीवर चालेल असे आपण गृहीत धरतो, आणि ते गृहीतक आमच्या घरात पहिल्याच तिमाहीत निकालात निघाले.

शेवटी नोकरी मिळाली ती अ‍ॅडलेडपासून अडीचशे किलोमीटरवर, रिव्हरलँड भागात. रेनमार्क, बेरी, लॉक्सटन ही मरे नदीकाठची गावे. पाऊस वर्षाला सुमारे २५० मिलिमीटर, म्हणजे आमच्या आटपाडी-जतपेक्षाही कमी. जे हिरवे दिसते ते नदीतून उचललेल्या पाण्यावर. रेनमार्कची सिंचन वसाहत चॅफी बंधूंनी १८८७ साली उभी केली. ताकारी आणि म्हैसाळच्या उपसा योजना डोळ्यांसमोर वाढलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटले नाही. बाजूला संत्री, द्राक्षे, बदाम. मध्ये पंपघरे आणि नळ.

मुलाखत एका फळप्रक्रिया कारखान्यात होती. संत्र्याचा रस आटवणारे बाष्पीभवन संच पाहून मी व्यवस्थापकांना सांगितले, की उसाच्या रसावर मी हेच करत आलो आहे. फरक तापमानाचा आणि फेसाचा. पुढे बोलणे द्राक्षांवर गेले. आमच्या तासगावकडे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सुकवतात आणि ही पद्धत मुळात ऑस्ट्रेलियातूनच आलेली, हे ऐकून ते गृहस्थ हसले. इकडे मजुरी परवडत नाही म्हणून वेलीवरच काडी कापतात, तेच द्रावण फवारतात आणि सुकलेला बेदाणा यंत्राने झाडून घेतात. अ‍ॅडलेडमध्ये माझ्या अनुभवाला ‘स्थानिक नाही’ एवढाच शेरा मिळत होता. इथे त्याच अनुभवावर तासभर प्रश्न विचारले गेले. मागणी जिथे खरी आहे तिथे व्हिसाचा क्रमांक कोणी विचारत नाही. डिसेंबर २०२४ पासून मी तिथे देखभाल विभागात आहे.

नोकरी मिळाली, तरी घर मिळेना. छोट्या गावांत भाड्याची घरेच कमी असतात आणि हंगामात फळतोडणीला येणाऱ्यांचीही त्यांवर नजर असते. पाच आठवडे आम्ही कॅराव्हॅन पार्कमधल्या केबिनमध्ये काढले. विकत घेण्याचा विचार केला, तर तिथे ‘तात्पुरता’ या शब्दाची खरी धार कळते: आम्ही कायद्याच्या दृष्टीने परदेशी व्यक्ती. १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत अशा व्यक्तींना जुने घर विकत घेण्यास बंदी आहे. नवे घ्यावे, तर परकीय गुंतवणुकीची परवानगी लागते आणि या राज्यात मुद्रांक शुल्काखेरीज घराच्या किमतीच्या सात टक्के अधिभार पडतो. सरकारला आम्ही प्रदेशात मुळे रुजवायला हवे आहोत, आणि तरीही तीन वर्षे घर घेऊ नये अशी व्यवस्था आहे. ही विसंगती मला आजही पटलेली नाही.

आरोग्यसेवेविषयी मात्र समाधान आहे. ४९१ धारकांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यविमा योजना, मिळते. तात्पुरत्या व्हिसांत ही सवलत विरळा. मुलाच्या कानाच्या दुखण्यासाठी तज्ज्ञाकडे अ‍ॅडलेडला जावे लागले, तेव्हा दूरच्या रुग्णांसाठी राज्याची प्रवासखर्चाची योजना आहे हे आम्हाला शेजारच्या आजींनी सांगितले. शंभर किलोमीटरहून अधिक जावे लागल्यास त्यातून काही परतावा मिळतो; अर्जावर डॉक्टरांची सही आधी घ्यावी, नंतर धावपळ होते.

अटींचे बंधन रोजच्या जगण्यात जाणवत नाही. मेलबर्नला सुट्टीत जाता येते, परदेशी जाऊन परत येता येते. मेलबर्नसारख्या महानगरात राहायला किंवा कामाला मात्र जाता येत नाही, आणि पत्ता व मालक यांची माहिती खात्याने मागितली तर द्यावी लागते. जाणवते ते दुसरे बंधन: पहिली तीन वर्षे १८९, १९० किंवा मालकाने पुरस्कृत केलेल्या १८६ या कायमच्या व्हिसांसाठी अर्जच करता येत नाही. येऊन वर्षभरात दुसऱ्या वाटेने कायम होऊ, असा हिशेब कोणी सांगत असेल तर तो चुकीचा आहे. ज्यांच्याकडे प्रादेशिक मालक आधीच ठरलेला आहे त्यांच्यासाठी ४९४ हा वेगळा व्हिसा आहे. त्यात नोकरीची खात्री अधिक आणि मोकळीक कमी.

एकटेपणाचा मुद्दा टाळता येत नाही. आमच्या पंचक्रोशीत मराठी घर आमचे एकच. ग्लॉसपला गुरुद्वारा आहे, कारण पंजाबी शेतकरी इथे बरीच वर्षे द्राक्षबागा करतात, आणि पहिल्या हिवाळ्यात आम्हाला धीर दिला तो त्यांनीच. गणपतीला आम्ही अ‍ॅडलेडला जातो. येताना-जाताना एक गंमत आहे: फळमाशीच्या साथीमुळे या भागात फळे नेण्या-आणण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि व्हिक्टोरियाच्या बाजूने यावे तर यांबा नाक्यावर गाडी तपासली जाते. द्राक्षांच्या मुलखात राहून पाहुण्यांना घरच्या परसातले एक लिंबू देता येत नाही, हे आईला फोनवर समजावणे अशक्य आहे.

माझे नाशिकचे मामेभाऊ द्राक्ष निर्यातीत आहेत. माझे पाहून त्यांनीही विचारले, की पैसे गुंतवून असेच येता येईल का. दोन-तीन वर्षांपूर्वी उत्तर ‘हो’ असते: १८८ क्रमांकाच्या व्यावसायिक व्हिसात उद्योजकाला साडेसात लाख डॉलरची वार्षिक उलाढाल आणि साडेबारा लाखांची मालमत्ता दाखवावी लागे, गुंतवणूकदाराला पंचवीस लाख गुंतवावे लागत, आणि राज्याचे नामनिर्देशन तिथेही आवश्यक होते. ३१ जुलै २०२४ रोजी ती वाट नव्या अर्जांसाठी कायमची बंद झाली. अशा मार्गाने येणारे लोक सरासरीने वयाने मोठे असतात आणि कुशल कामगारांपेक्षा कमी कमावतात, हा त्यावरचा जुना आक्षेप. डिसेंबर २०२४ पासून राष्ट्रीय नवोन्मेष व्हिसा आला. पण तो असामान्य कर्तृत्वासाठी आहे, नुसत्या भांडवलासाठी नाही. दादांना मी सांगितले, की पैशांची चौकशी करणारा एजंट आजही १८८ चे जुने माहितीपत्रक दाखवत असेल, तर चहा घ्या आणि उठा. त्यांच्या मुलीने परिचारिकेचे शिक्षण घेतले आहे. त्या घरातून कोणी इकडे आलेच, तर ते तिच्या कौशल्यावर येईल असे मला वाटते.

घरात एक खोके ठेवले आहे. त्यात भाड्याच्या पावत्या, विजेची बिले, पगारपत्रके आणि मुलाच्या शाळेची पत्रे तारखेप्रमाणे लावलेली आहेत. २०२४-२५ या वर्षाची करनिर्धारणाची नोटीस त्यात पडली आहे. इथले आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, त्यामुळे दुसरी यंदाच्या जुलैनंतर आणि तिसरी २०२७ च्या जुलैनंतर येईल. व्हिसाची तीन वर्षेही त्याच महिन्यात भरतात. पत्नीने पावत्यांच्या छायाप्रती स्वतंत्र फाइलमध्ये ठेवायला सुरुवात केली आहे, कारण भाडेपावतीच्या कागदावरची शाई रिव्हरलँडच्या उन्हाळ्यात उडून जाते.