रत्नागिरीतला मे महिन्याचा बास्केटबॉल क्लास, लेकीला घातलं त्याचा अनुभव

बऱ्याच जणींनी विचारलं की क्लास कसा आहे, पोरीला घालू का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. क्लासला नाव नाही आणि बोर्डही नाही, एक रिटायर झालेले सर स्वतःच्या हौसेने घेतात, रत्नागिरीतल्या खेळणाऱ्या पोरांना विचारलंत तर कुणीही सांगेल. सकाळी ६ ते ८, २० दिवस, फी १२०० रुपये. वेळ सकाळचीच का तर मतलई वारा असतो तोपर्यंत ठीक, एकदा खारा वारा सुरू झाला की लांबून टाकलेला बॉल कुठे जाईल सांगता येत नाही, आणि मे महिन्यात नऊनंतर सिमेंटच्या कोर्टावर पाय ठेववत नाही.

माझी लेक १३ वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी. शाळेच्या टीममध्ये घेतली नाही, उंची कमी पडते एवढंच सांगितलं, दोन दिवस धड जेवली नाही ती. तर मी खरं म्हणजे तिचं मन रमावं म्हणून घातलं होतं, खेळाडू वगैरे व्हावी असं काही डोक्यात नव्हतं.

पहिल्याच शनिवारी सरांनी सगळ्या पोरांना घरी बोलावलं, पडवीत चटई टाकून लॅपटॉपवर जुनी मॅच दाखवली, आंबापोळी आणि कोकम सरबत पण होतं. मॅच कुठली तर स्टीफन करीची, अमेरिकेतला प्रसिद्ध बास्केटबॉल खेळाडू. मला वाटलं गोल्डन स्टेट या त्याच्या टीमची असेल, एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, तीच सगळी पोरं मोबाइलवर बघतात. पण सर एनबीएचं काहीच दाखवत नाहीत, त्यांचं सगळं शिकवणं करीच्या कॉलेजच्या ३ वर्षांवर उभं आहे, २००६ ते २००९, डेव्हिडसन कॉलेज. हे मला इतकं आवडलं की त्या शनिवारपासून मी पण रोज कोर्टाच्या कडेला जाऊन बसायला लागले.

गोष्ट अशी की करीचे वडील डेल करी स्वतः एनबीएत १६ सीझन खेळलेले. आईवडील दोघंही व्हर्जिनिया टेक कॉलेजचे खेळाडू, पोराला पण तिथेच जायचं होतं, पण त्यांनी स्कॉलरशिप दिली नाही, म्हणाले आधी ये स्वतःच्या खर्चाने मग बघू. का तर पोरगं सडपातळ, लहानखुरं. मोठ्या कॉलेजांपैकी कुणालाच नको होता. मग नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसनच्या बॉब मॅकिलॉप नावाच्या कोचने घेतला, जेमतेम १७०० विद्यार्थ्यांचं कॉलेज. आणि कॉलेजच्या पहिल्याच मॅचला, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध, करीने १३ टर्नओव्हर केले. म्हणजे १३ वेळा बॉल समोरच्यांच्या हातात घालवला. सर हे सांगत होते तेव्हा पोरं बोटांवर मोजत होती आणि दहा बोटं संपल्यावर एकमेकांकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी मिशिगनविरुद्ध कोचने त्याला परत खेळवला आणि त्याने ३२ पॉइंट काढले. आता क्लासमध्ये कुणाचा पास चुकला की पोरं ओरडतात, एक झाला, अजून बारा बाकी! लेक पहिला आठवडा बॉल हातात आला की घाबरून लगेच दुसऱ्याला देऊन टाकायची, ते या ओरडण्यामुळे थांबलं.

पडवीतली मॅच होती २१ मार्च २००८ ची, गोन्झागाविरुद्ध. डेव्हिडसनने एनसीएए टूर्नामेंटमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मोठ्या स्पर्धेत, १९६९ नंतर एकही मॅच जिंकलेली नव्हती. सेकंड हाफ सुरू झाला तेव्हा मागे होते, आणि मग करीने त्या एका हाफमध्ये ३० पॉइंट काढले, एकूण ४०, थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेले तीन पॉइंटचे बॉल, १० पैकी ८. ८२-७६ असे जिंकले. मला बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं तरी मी उठून उभी राहिले होते. सर मात्र मध्येमध्ये मॅच थांबवायचे आणि विचारायचे, आता बॉल कुणाकडे आहे ते नको सांगूस, करी कुठे आहे ते सांग. तो बॉल नसताना सतत पळत असतो, एका स्क्रीनमागून दुसऱ्या स्क्रीनमागे (स्क्रीन म्हणजे समोरच्याची वाट अडवून उभा राहिलेला आपलाच खेळाडू), नुसतं टीव्हीवर बघताना हे दिसतच नाही. पुढे डेव्हिडसनने जॉर्जटाऊनला हरवलं, १७ पॉइंटने मागे असताना, मग विस्कॉन्सिनला, आणि शेवटी कॅन्ससकडून ५९-५७ असे हरले, २ पॉइंटने. कॅन्ससच त्या वर्षी चॅम्पियन झालं.

आता मुख्य मुद्दा, जो आईवडिलांनी वाचायलाच हवा. सर पोरांची शूटिंगची पद्धत मुळापासून बदलतात. करी हायस्कूलमध्ये बॉल कमरेपासून ढकलायचा, अंगात जोर नव्हता म्हणून, आणि जायचा पण बास्केटमध्ये. वडिलांनी एका उन्हाळ्यात ते सगळं मोडून डोक्याच्या वरून टाकायला शिकवलं, घरामागच्या कोर्टवर. कित्येक आठवडे त्याचा बॉल लांबून पोचतच नव्हता, रडकुंडीला आला होता. माझ्या लेकीचं अगदी तेच झालं. आधी पाचातले दोन जायचे, सरांनी हात बदलला आणि दहा दिवस एक जाईना. सासूबाई म्हणाल्या, "होता तो नेमपण घालवलान् मास्तरांनी." दोन पालकांनी तर या कारणावरून पोरं काढूनच घेतली. असं करू नका, खरंच सांगते.

पण इथेच माझी तक्रार पण आहे. करीला अख्खा उन्हाळा मिळाला होता आणि वडील घरातच. इथे २० दिवसांत हात बदलायला घेतात आणि पोर अर्ध्या वाटेवर असताना क्लास संपतो, मग पाऊस, कोर्टाला छप्पर नाही, सगळं ऑक्टोबरपर्यंत बंद. एकतर क्लास एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपल्या की सुरू करा, किंवा पावसात घरी काय करायचं ते लिहून द्या. सरांना मी हे बोलले, त्यांना पटलं.

दुसरी तक्रार बॉलची. क्लासमध्ये सगळे ७ नंबरचे बॉल आहेत, ते मोठ्या पुरुषांचे. मुलींचा ६ नंबरचा असतो, घेराने साधारण एक इंच लहान आणि वजनाला हलका. बारीक अंगाच्या पोरीला ७ नंबरचा दिलात तर ती कमरेपासूनच ढकलणार, दुसरं काय करणार ती, मग हात सुधारायचा कसा? मी ६ नंबरचा घेऊन दिला आणि चार दिवसांत फरक दिसला. मुलगी असेल तर बॉल घरून न्या. पाण्याची बाटली पण न्या, तिथे नळ आहे पण भरवशाचा नाही. रिंग गंजलेली, नेट नाही, समुद्राजवळ दुसरं काय होणार, त्याबद्दल मी मार्क कापणार नाही.

शेवटच्या आठवड्यातली एक गोष्ट राहिली. भाट्याच्या बाजूचा एक उंच मुलगा आहे, सगळे पॉइंट तोच काढतो, म्हणून समोरचे दोघंदोघं त्यालाच चिकटायला लागले आणि तो चिडून बॉल आपटायला लागला. सरांनी त्याला जवळ बसवून लॉयोलाची मॅच सांगितली, नोव्हेंबर २००८, मेरीलँडच्या लॉयोला टीमने पूर्ण वेळ करीवर दोन-दोन माणसं लावली, तर तो सरळ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, त्या दोघांना तिथे अडकवून ठेवलं आणि बाकीचे चौघे मोकळे खेळले. करीचे पॉइंट शून्य आणि डेव्हिडसन ३० पॉइंटने जिंकलं. दुसऱ्या दिवशी हा मुलगा खरंच जाऊन कोपऱ्यात उभा राहिला, हाताची घडी घालून, आणि माझ्या लेकीला पहिल्यांदा समोर कुणी नसताना बॉल मिळाला. डोक्याच्या वरूनच टाकलान् तिने. रिंगला लागून बाहेर आला, पण पोचला.

माझ्याकडून पाचपैकी चार. पैसे वसूल, एक स्टार त्या २० दिवसांचा आणि बॉलचा.

आता पाऊस सुरू झालाय, अंगणात चिखल. लेक रोज संध्याकाळी पडवीत उताणी झोपते आणि बॉल सरळ वर टाकते, वाशाला लागू न देता, परत हातात यायला हवा असा. काल ४० पर्यंत गेली, मग आजीने दिवेलागणीला उठवलं.