सात फुले, एक नोंद: लायब्ररी कार्पेंट्रीचे नऊ महिने

आमच्या कॉलेजच्या डिजिटल संग्रहात महात्मा फुले सात ठिकाणी होते. जोतीराव फुले, जोतिराव फुले, फुले जोतीराव (स्वल्पविराम देऊन एकदा, न देता एकदा), ज्योतिबा फुले, म. फुले आणि नुसतेच ‘फुले’. विद्यार्थी एका नावावर क्लिक करायचा, त्याला तीन लेख दिसायचे आणि बाकीचे आपल्याकडे नाहीत असं समजून तो निघून जायचा. संग्रह तसा लहानच, साडेचौदाशे नोंदी. जुनी मासिकं, गावातल्या संस्थांचे अहवाल, आमच्याच विद्यार्थ्यांचे प्रबंध. स्कॅनिंग झालं, डीस्पेसवर (डिजिटल संग्रह ठेवायच्या सॉफ्टवेअरवर) चढलं, उद्घाटनाची फीतही कापली गेली. पण नोंदी तीन वर्षांत पाच जणांनी केलेल्या, आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी.

हे निस्तरायला शिकावं म्हणून आधी मी एक पैसे भरून करायचा ऑनलाइन कोर्स केला. संस्थेचं नाव घेत नाही. तीन आठवडे स्लाइड वाचून दाखवल्या. ग्रंथालयशास्त्रातली रंगनाथनांची पाच सूत्रं झाली, डब्लिन कोअर या नोंदी करायच्या प्रमाणाचे पंधरा घटक तोंडपाठ झाले, पण एकाही नोंदीला हात लागला नाही. प्रमाणपत्र मात्र सोनेरी किनारीचं आलं, त्यावर माझं आडनाव चुकलेलं.

त्यानंतर लायब्ररी कार्पेंट्रीचे धडे हाती लागले. लंडनमध्ये २०१५ च्या सुमारास ग्रंथपालांनी ग्रंथपालांसाठी सुरू केलेला, माहिती हाताळायची संगणकी कौशल्यं शिकवणारा हा उपक्रम आता ‘द कार्पेंट्रीज’ या मोठ्या परिवाराचा भाग आहे. त्यांच्या कार्यशाळाही होतात, पण सगळे धडे कुणालाही फुकट वाचता येतात आणि श्रेय दिलं की बदलून वापरताही येतात. मी कार्यशाळेला गेले नाही. घरी रात्री नऊनंतर, एकटीने, नऊ महिने हे धडे केले. तेव्हा हा अनुभव स्वतःच्या स्वतः शिकणाऱ्याचा आहे, हे लक्षात घेऊन वाचा.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ओपनरिफाइनच्या धड्याचा. विस्कळीत याद्या साफ करायचं हे सॉफ्टवेअर उघडतं ब्राउझरमध्ये, पण चालतं आपल्याच कॉम्प्युटरवर. एकदा उतरवून घेतलं की नेट गेलं तरी काम अडत नाही. आमच्याकडे नेट कसं असतं ते तालुक्याच्या गावात नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको. सरावाला मुक्त संशोधनपत्रिकांमधल्या एक हजार एक लेखांच्या नोंदी देतात. त्यात एका लेखाचे चार लेखक एकाच चौकटीत, मध्ये उभी रेघ देऊन कोंबलेले असतात. ते सुटे करायचे, सारख्या नावांचे गट पाडायचे, दुरुस्त करायचे आणि परत जोडायचे. हे करताना मला एकदम उमगलं की डीस्पेसमधून नोंदी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) बाहेर काढल्या की तिथेही लेखक असेच चिकटलेले असतात, फक्त एका रेघेऐवजी दोन रेघा. म्हणजे धड्यातली सगळी कृती एका खुणेचा फरक करून आपल्या संग्रहाला लागू होते. त्या रात्री मी साडेबारापर्यंत बसले होते.

फुल्यांचं काय झालं ते सांगते. गट पाडण्याची पहिली पद्धत विरामचिन्हं काढून टाकते आणि शब्द क्रमाने लावते. त्यामुळे ‘फुले, जोतीराव’ आणि ‘जोतीराव फुले’ झटक्यात एक झाले. ‘जोती’ आणि ‘जोति’ तिला कळत नाही. त्यासाठी अक्षरांतलं अंतर मोजणारी दुसरी पद्धत आहे, एका वेलांटीचा फरक ती पकडते. ‘ज्योतिबा’पर्यंत पोचायला अंतर वाढवावं लागतं, आणि अंतर वाढवलं की नको ती नावंही जाळ्यात येतात. ‘म. फुले’ मात्र कुठल्याच यंत्राला कळत नाहीत, ते हातानेच. उच्चारावरून जुळवणाऱ्या पद्धतीही आहेत, पण त्या इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांसाठी बेतलेल्या. मराठीवाल्यांनी त्यात वेळ घालवू नये. मी दोन संध्याकाळी घालवल्या.

देवनागरीचे हाल धड्यात असणार नाहीत हे उघड आहे, ते आपले आपणच शोधायचे. आमच्या यादीत ‘वऱ्हाड’ दोनदा दिसत होतं, अगदी हुबेहूब. डोळे फाडून पाहिलं तरी फरक दिसेना. शेवटी कळलं की एका टंकलेखकाने ऱ्ह साठी वेगळा ‘ऱ’ वापरला होता आणि दुसऱ्याने साध्या र ला हलन्त देऊन मागे एक अदृश्य जोडखूण टाकली होती. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला दोन. दुसरं दुखणं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या यादीचं. ती युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात) नाही, त्यामुळे उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. ती आधी परिवर्तकातून काढून घ्यावी लागली. आणि एक्सेलने तर जोडअंकांची वाटच लावली होती. ‘३-४’ हा अंक इंग्रजी आकड्यांत लिहिला की एक्सेल त्याची ३ एप्रिल ही तारीख करून टाकतं. एकवीस मासिकांच्या अंकांना अशा तारखा चिकटल्या होत्या आणि त्या थेट संकेतस्थळावर गेल्या होत्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

शके सालांचा प्रश्न मात्र गोडीगुलाबीने सुटला. देवनागरी आकडे इंग्रजी करून घ्यायचे, अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, अंक पौष ते फाल्गुनातला असेल तर जानेवारी-मार्चचा विचार करून एक वाढवायचा. जुनं शके तसंच ठेवून इसवी सन वेगळ्या रकान्यात. प्रत्येक पायरीचा इतिहास ओपनरिफाइन जपून ठेवतं आणि तो काढून पुढच्या यादीवर जसाच्या तसा चालवता येतो. त्यामुळे मासिकांवर तीन आठवडे केलेलं काम अहवालांवर एका दुपारीत झालं.

एक धोक्याची सूचना. शि. बा. जाधव आणि बा. शि. जाधव ही नावं पहिल्या पद्धतीने एक केली, कारण शब्द क्रमाने लावले की दोन्ही सारखीच. मीही ‘विलीन करा’ दाबलं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तेव्हा उलटी आद्याक्षरं म्हणजे बहुतेक वेळा बाप-लेक, हे मला सुचायला हवं होतं. सुचलं ते एका विद्यार्थ्याला.

तो प्रसंग वर्गातला. या धड्यांची शिकवण्याची पद्धत मला धड्यांइतकीच आवडली. शिक्षक पडद्यावर टाइप करतो, मुलं बरोबरीने करतात, आणि अडलं की कॉम्प्युटरला एका रंगाची चिकटचिठ्ठी, झालं की दुसऱ्या रंगाची. मी एम. ए. मराठीच्या बावीस मुलांना कॉम्प्युटर लॅबमध्ये नेलं आणि आमचाच संग्रह त्यांच्यापुढे ठेवला. प्रश्न साधा दिला: आपल्या मासिकांत बायकांनी किती लिहिलं? लेखकांची यादी उघडली आणि मुलं थबकली. ‘सौ. जाधव’, पुढे नाव नाही. ‘एक भगिनी’. ‘कु. क’. मग मोजायचं कसं? आम्ही नोंद करताना अनामिक म्हणून टाकलेल्या अकरा लेखांचे मूळ अंक मुलांनी स्कॅन उघडून वाचले, आणि तीन लेखांच्या शेवटी सही सापडली. शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) जाऊन प्रबंध उतरवून घेणं माझ्या मुलांना येतंच, पण नोंद कुणीतरी केलेली असते आणि ती चुकू शकते, हे त्या दिवशी त्यांना दिसलं. त्याच तासाला मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, बा. शि. आणि शि. बा. वेगळे. बा. शि. आमच्या गावचे मास्तर होते, शि. बा. त्यांचा मुलगा.” इतिहासात मागे जाऊन ती पायरी रद्द केली. परिचर मामा दारात उभे होते, ते म्हणाले, “दोघांनाही मी ओळखत होतो की. मला विचारायचं ना.”

बाकीचे धडे थोडक्यात. नेमका मजकूर शोधण्याच्या खुणांचा धडा चांगला आहे, पण ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ अशी जी खूण (\w) तिथे शिकतो ती ओपनरिफाइनमध्ये देवनागरी ओळखत नाही; अक्षरांची कक्षा आपल्याला सांगावी लागते. युनिक्स शेल (टाइप केलेल्या आज्ञांनी कॉम्प्युटर चालवायची सोय) विंडोजवर चालवायला वेगळं काहीतरी बसवावं लागतं, ते बसलं की शंभर फायलींतल्या ओळी एका आज्ञेत मोजता येतात. फायलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटचा धडा मी दोनदा सुरू करून दोनदा सोडला. एकटीने काम करणाऱ्या ग्रंथपालाला त्याची निकड वाटत नाही, निदान मला वाटली नाही.

आणि हो, धडे स्वतः वाचून केले तर प्रमाणपत्र मिळत नाही. बढतीच्या फायलीला, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) अहवालाला काहीही जोडता येत नाही. प्राचार्यांनी विचारलं, “मग पुरावा काय?” मी फुल्यांचं पान उघडून दाखवलं. ते “छान” म्हणाले आणि फायलीत सोनेरी किनारीचंच प्रमाणपत्र लागलं.

करणार असाल तर पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या संग्रहातल्या शंभर नोंदी बाहेर काढून ठेवा आणि धड्यातली प्रत्येक कृती लगेच त्यांच्यावर करा. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. डीस्पेसच्या ओळख क्रमांकाच्या रकान्याला चुकूनही हात लावू नका, आणि परत चढवताना आधी वीसच नोंदी चढवून पाहा. मी पहिल्या खेपेला सगळ्या साडेचौदाशे चढवल्या होत्या.