रोलर भारी, ब्रशनं मात्र माती केली

दिवाळीच्या आधी घर स्वतःच रंगवायचं ठरवलं, कारण पेंटरची मजुरी ऐकूनच गार पडलो. सांगलीत गणपती पेठेतल्या एका दुकानातनं सगळं सामान घेतलं. ९ इंची मायक्रोफायबर रोलर एक नंबर निघाला, इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) मस्त पितो, शिंतोडे कमी आणि हात लांब करायला दांडी जोडली की छतालापण स्टूल लागत नाही. पण ४ इंची ब्रश? अहो पहिल्याच हाताला केस गळायला लागले, ओल्या भिंतीवरनं नखानं एकेक केस उचलत बसलो, बायको म्हणाली भिंतीला मिशा फुटल्या. परत गेलो तर मालक म्हणतो वापरलेला माल घेत नाही. आता घेताना केस ओढून बघतो आणि तळहातावर आपटतो, पाण्याच्या रंगाला सिंथेटिकच घेतो कारण जनावराचे साधे केस पाणी पिऊन लोळागोळा होतात. २०१९ च्या पुराचं पाणी लागलेली खालची भिंत अजून पोपडे धरती, तिथं आधी पत्र्यानं खरवडून, पुट्टी मारून १८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. रोलरला पाचपैकी पाच, ब्रशला एक, तोपण दांडा बरा होता म्हणून.