हातात आलेले तीन लाख: एफडी, एनएससी, पतसंस्था, सोने की फंड?

विमा पॉलिसीची मुदत संपली, पगाराच्या फरकाची थकबाकी मिळाली किंवा वडिलोपार्जित जमिनीतला वाटा आला, की पहिला प्रश्न असतो "सगळ्यात जास्त व्याज कुठे?" त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: हे पैसे परत कधी लागणार आहेत? खालची सगळी तुलना त्या उत्तरावर फिरते.

सुरुवात कर्जापासून करा. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला ३ ते ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज खाते. एवढे देणारी सुरक्षित ठेव कुठेही नाही, त्यामुळे ती आधी पूर्ण फेडा. गृहकर्जाचे गणित इतके सरळ नाही. साडेआठ टक्क्यांचे कर्ज मुदतीआधी फेडले तर साडेआठ टक्के व्याज वाचते आणि वाचलेल्या व्याजावर कर नसतो. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही लागत नाही. अर्जात मात्र "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असे स्पष्ट लिहा, कारण हप्ता कमी करून घेतला तर व्याजाची बचत बरीच घटते. एकदा कर्जात भरलेला पैसा अडीअडचणीला सहसा परत काढता येत नाही. म्हणून चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्यावरच हा मार्ग धरा.

आता खरी जोडी: बँकेची एफडी आणि पोस्टाची एनएससी, म्हणजे पाच वर्षांचे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र. २०२५ मध्ये एनएससीचा दर ७.७ टक्के राहिला. सरकार दर तिमाहीला दर ठरवते, पण तुम्ही घेतल्या दिवशीचा दर पाचही वर्षे कायम राहतो. ७.७ टक्क्यांनी ३ लाखांचे पाच वर्षांनी सुमारे ४,३४,७०० होतात. ६.५ टक्क्यांच्या एफडीत, व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळूनही, सुमारे ४,१४,००० होतात. फरक वीस हजारांहून थोडा जास्त.

या वीस हजारांची किंमत अशी की एनएससी मध्येच मोडता येत नाही. धारकाचा मृत्यू किंवा न्यायालयाचा आदेश अशी मोजकीच कारणे चालतात. फार तर ती बँकेत तारण ठेवून कर्ज काढता येते. एफडी कधीही मोडता येते, पण ठरलेला दर मिळत नाही. पाच वर्षांची एफडी चौदाव्या महिन्यात मोडली, तर ठेव ठेवताना चौदा महिन्यांच्या मुदतीला जो दर होता तो धरतात आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का कापतात. म्हणूनच ३ लाखांची एकच पावती करू नका. एक-एक लाखाच्या तीन करा, एक, दोन आणि तीन वर्षांच्या. गरज पडली तर एकच मोडावी लागेल.

एफडी करताना अर्जावर "टॅक्स सेव्हर" लिहिलेले नाही ना, हे तपासा. ती पाच वर्षे मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. नव्या करप्रणालीत ८०सीची, म्हणजे अशा गुंतवणुकीवर मिळणारी, करवजावटच नसल्यामुळे त्या बंधनाच्या बदल्यात हाती काही येत नाही.

साठी ओलांडलेल्यांनी मात्र जास्त विचार करू नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर २०२५ मध्ये ८.२ टक्के होता. त्या दराने ३ लाखांवर दर तिमाहीला ६,१५० रुपये खात्यात येतात. एक वर्षानंतर बंद केली तर मुद्दलातून दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापतात, वर्षाच्या आत बंद केली तर व्याजच मिळत नाही. साठीच्या आतल्या ज्यांना दरमहा रक्कम हवी, त्यांच्यासाठी पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे: २०२५ मध्ये ७.४ टक्के, म्हणजे ३ लाखांवर महिन्याला १,८५० रुपये.

पतसंस्थेबद्दल थोडे सविस्तर, कारण महाराष्ट्रात नुकसान इथेच जास्त होते. व्यापारी बँक असो वा नागरी सहकारी बँक, तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचे (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचे) विमासंरक्षण असते: प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे वाटले तरी मर्यादा तीच. पतसंस्था आणि मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी) सोसायटीला हे संरक्षण नाही. पाटीवर "अर्बन" आणि "मल्टिस्टेट" असे शब्द असले, काउंटर बँकेसारखे दिसले, पासबुक मिळाले, तरी ती बँक होत नाही. जळगावची बीएचआर आणि बीडची ज्ञानराधा या मल्टिस्टेट सोसायट्यांत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या एमपीआयडी या राज्याच्या कायद्याखाली मालमत्ता जप्त होते, पण लिलाव आणि वाटपाला वर्षे लागतात. बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज ज्या अर्थी देऊ केले जाते, त्या अर्थी ते पैसे त्याहून चढ्या दराने आणि कमी तारणावर कुणाला तरी दिलेले असतात. ओळखीचा संचालक हे तारण नव्हे.

सोन्याचे थोडक्यात. १२ टक्के घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरला, तर दागिन्यावर घातलेल्या एक लाखात सुमारे ८६,७०० रुपयांचेच सोने येते. भाव पंधरा टक्के वाढेपर्यंत तुम्ही फक्त बरोबरीला येता. हौसेसाठी दागिना जरूर घ्या, गुंतवणुकीसाठी गोल्ड ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे सोन्याचे युनिट) किंवा गोल्ड फंड. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही.

शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडाचा विचार सात वर्षे तरी न लागणाऱ्या पैशापुरताच. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी हा निर्देशांक १२,३६२ वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. तेव्हा ३ लाखांचे सुमारे १,८५,००० झाले असते. नोव्हेंबरमध्ये निफ्टी पुन्हा जुन्या उंचीवर गेला, पण ज्याला एप्रिलमध्ये मुलाची फी भरायची होती त्याला त्याचा उपयोग नव्हता. रक्कम आधी लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांच्या, कमी जोखमीच्या फंडात) ठेवून एसटीपीने, म्हणजे ठरावीक हप्त्यांत आपोआप, सहा ते बारा महिन्यांत इंडेक्स फंडात वळवा आणि "डायरेक्ट" योजना निवडा. "रेग्युलर"मध्ये एजंटाचे कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून जाते.

कर्ज नसलेल्या, चाळिशीतल्या नोकरदारासाठी आमची शिफारस अशी: एक लाख छोट्या एफडींत, सव्वा लाख एनएससीत, उरलेले पाऊण लाख इंडेक्स फंडात. तीन वर्षांत घर किंवा लग्न असेल तर फंड आणि एनएससी दोन्ही वगळा.

एक इशारा. मोठी रक्कम खात्यात जमा झाली की बँकेतून फोन येतो आणि "एफडीसारखेच, पण जास्त परतावा" म्हणून विमा पॉलिसी पुढे केली जाते. "हप्ता किती वर्षे भरायचा?" एवढे विचारा. उत्तर एकाहून जास्त वर्षांचे असेल तर ती एफडी नाही. सही होऊन गेली असेल तरी पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येते. अर्ज विमा कंपनीच्या शाखेतच द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या.