नवे टायर, अलाइनमेंटही झाली, तरी गाडी डावीकडेच: आता आधी कुठे जायचं?

स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे. टायरच्या दुकानातलं पोरगं म्हणतं, "काका, एकदम ओके." आणि गावाबाहेर पडून ऐंशीचा स्पीड धरला की गाडी हळूहळू डाव्या पट्ट्याकडे सरकायला लागते. माझ्या हॅचबॅकचं हेच झालं तेव्हा मी तीनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, घेतली. पैसे गेले, गाडी होती तशीच ओढत राहिली.

इथून पुढे तीन वाटा आहेत: पुन्हा अलाइनमेंट, पुढच्या दोन चाकांची अदलाबदल, नाहीतर थेट मेकॅनिककडे ब्रेक आणि सस्पेन्शन. पण त्याआधी फुकटात होणारी दोन कामं उरकून घ्या.

पहिलं हवेचं. नवा टायर रिमवर बसवताना हवा जास्त मारतात आणि कधीकधी ती तशीच राहते. सकाळी गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे तेवढी हवा पुढच्या दोन्ही चाकांत सारखी करा. एप्रिल-मेच्या उन्हात लातूरहून नांदेडला जाऊन लगेच मोजली तर आकडा चढलेलाच दिसणार, त्यावर विसंबू नका. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते.

दुसरं रस्त्याचं. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला साधारण २ ते २.५ टक्के उतार देतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून थोडं डावीकडे सरकणं हे दुखणं नव्हे. चौपदरीवर तर एका बाजूच्या दोन्ही लेनचा उतार बहुधा डावीकडेच असतो, त्यामुळे लेन बदलूनही काही कळत नाही. त्यात आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटा मारतो. एकाच रस्त्यावरून निकाल लावू नका. बाजार समितीचं मोकळं, सपाट आवार सुट्टीच्या दिवशी मिळालं तर उत्तम.

एवढं करूनही ओढत असेल, तर आता वाट निवडा.

पुन्हा अलाइनमेंट कधी? गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग तिरकं राहतं, तेव्हा. तो टोचा दोष, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली. त्याच दुकानात जा आणि फुकट करून मागा, हक्क आहे तुमचा. मात्र स्टेअरिंग सैल सोडलं की गाडीच बाजूला जात असेल, तर ते वेगळं प्रकरण. बऱ्याच साध्या गाड्यांना पुढचा टो तेवढा सहज फिरवता येतो आणि टोमुळे गाडी एका बाजूला ओढणं विरळाच. ओढ येते ती कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) यांच्या डाव्या-उजव्या फरकातून. कॅस्टर ज्या बाजूला कमी किंवा कॅम्बर ज्या बाजूला जास्त पॉझिटिव्ह (चाकाचं वरचं टोक बाहेर झुकलेलं), तिकडे गाडी जाते. म्हणून मशीनवरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या, आधीची आणि नंतरची दोन्ही. दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर प्रश्न विचारा. नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका.

माझ्या मते पहिला मान चाकांच्या अदलाबदलीचा. खाली निमुळता होत जाणारा स्टीलचा पेला फरशीवर आडवा ढकलून पाहा. तो सरळ जात नाही, वळसा घेतो. टायरच्या आतले पट्टे बनवताना किंचित एका बाजूला सरकले तर नवा कोरा टायरही असाच वागतो. डोळ्यांना काही दिसत नाही, बॅलन्सिंगमध्ये सापडत नाही, अलाइनमेंटच्या मशीनला तर त्याची गंधवार्ता नसते. औताला एक बैल जोराचा लागला की तास वाकडं जातं, मग जू कितीही नीट बांधा.

पुढचं डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे. जॅक, पाना आणि अर्धा तास. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली किंवा गायबच झाली, तर दोष टायरचा. काही फरक पडला नाही, तर टायर निर्दोष, दोष गाडीत शोधा. एक पथ्य आहे: टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नका, त्याच बाजूचं पुढचं-मागचं चाक बदलून पाहा. नट आमनेसामने आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा.

मेकॅनिककडे आधी जायचं ते खुणा दिसल्या तरच. दहा-पंधरा किलोमीटर फार ब्रेक न लावता चालवा, थांबा आणि रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक तापलेलं असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चिमटा धरणारी पकड, अडकतोय. चिखलातून फिरलेल्या आणि मग बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत त्याच्या पिना सुकतात. ब्रेक मारला की एकीकडे आणि रेस दिली की दुसरीकडे जात असेल, तर लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे रबर, बघा. खड्ड्यात खटखट येत असेल तर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एन्ड हे चाकाजवळचे वळते सांधेही. हे ढिले असताना केलेली अलाइनमेंट टिकत नाही, म्हणून दुरुस्ती आधी आणि अलाइनमेंट नंतर. यात खर्च खरा आहे, त्यामुळे खुणा नसताना "बघा हो एकदा" म्हणून गाडी सोडून येऊ नका, दोन पार्ट उगाच बदलले जातील.

दोष टायरचाच निघाला तर बिल घेऊन दुकानात लगेच जा, झीज व्हायच्या आत. कंपनीची वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, पण दोन-चार हजार किलोमीटरनंतर वाद वाढतो. मी उशीर केला आणि बदलून मिळाला नाही. तो टायर मागे टाकला, तिथे त्याची ओढ जवळजवळ जाणवत नाही. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाची फुली मारून ठेवली आहे, रोटेशनच्या (चाकांच्या जागा बदलायच्या) वेळी कोणी तो पुन्हा पुढे आणू नये म्हणून.